ठणका, ठसठस आणि धडधड



मधुमेह, रक्तदाब, थायरॉईड, डेंग्यू अशा विषयांवर मी नेहमी लिहितो. आज आजारावर थोडं कमी आणि शब्दांवर थोडं जास्त लिहिणार आहे. तरी शेवटपर्यंत वाचा. तपासणीच्या टेबलावर रुग्ण झोपतो त्याच्या आधीच त्याच्या तोंडातल्या एका क्रियापदावरून निम्मं निदान झालेलं असतं, असं मी उमरीसारख्या तालुक्याच्या गावी बरीच वर्षं बसून शिकलो आहे.

सकाळच्या ओपीडीत काय काय कानावर पडतं बघा. "साहेब, रात्रभर दात ठणकायलाय." "बोट ठसठस करायलंय." "छाती धडधड करायली." "डावा डोळा लवायलाय, काही वाईट तर नाही ना?" "जीव नुसता धकधक करायलाय." या सगळ्या तक्रारींत एक गोष्ट समान आहे. शरीरात काहीतरी लयीत, ठोक्याठोक्यानं चाललं आहे. पण प्रत्येकीचा शब्द वेगळा आहे, आणि प्रत्येक शब्द वेगळ्या आजाराकडे बोट दाखवतो.

यात एक अडचणही आहे. हेच शब्द आपण आजार नसतानाही वापरतो. निकालाच्या दिवशी छाती धडधडते. वीस वर्षांपूर्वीचा अपमान अजून ठसठसतो. सरपंच ग्रामसभेत ठणकावून सांगतात. म्हणजे समोरचा माणूस "धडधड" म्हणाला, तेव्हा तो हृदयाबद्दल बोलतोय की काळजीबद्दल, हे डॉक्टरला ओळखावं लागतं. ते ओळखण्यात दोन्ही बाजूंनी गफलत होऊ शकते, आणि दोन्ही महाग पडतात.

पुस्तकातला थ्रॉब

मी अंबाजोगाईला शिकलो. आमच्या वर्गात जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेली बरीच मुलं होती. इंग्रजी पुस्तकात गळवाचं दुखणं थ्रॉबिंग, अर्धशिशीचं दुखणं थ्रॉबिंग, दाताचं दुखणंही थ्रॉबिंग. इंग्रजी-मराठी कोशात पाहिलं तर 'स्पंदन पावणे'. "माझी दाढ स्पंदन पावत आहे" असं सांगणारा रुग्ण मला तेव्हाही भेटला नाही आणि आजतागायत भेटलेला नाही.

दुखण्याचे शब्द गोळा करण्याचं मोठं काम कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या रोनाल्ड मेलझॅक या मानसशास्त्रज्ञानं केलं. रुग्ण दुखणं कसं सांगतात याची त्यांनी यादी केली आणि १९७५ मध्ये त्यावरून एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. ती आजही जगभर वापरली जाते. तिच्यात ७८ शब्द आहेत आणि त्यांचे २० गट आहेत. पहिलाच गट लयीत होणाऱ्या दुखण्याचा आहे. त्यात सहा इंग्रजी शब्द चढत्या क्रमानं येतात: फ्लिकरिंग, क्विव्हरिंग, पल्सिंग, थ्रॉबिंग, बीटिंग आणि पाउंडिंग. दिव्याच्या ज्योतीसारखं लवलवण्यापासून ते घणाचे घाव बसण्यापर्यंत. इंग्रजीनं ही शिडी जोरावर लावली आहे. ठोका हलका की जबर, हे शब्दावरून कळतं.

हे इंग्रजी शब्द शरीराबाहेरही भरपूर फिरतात. शहर थ्रॉब करतं म्हणजे तिथे चैतन्य आहे. संगीत पल्सेट होतं. मुलींचा लाडका नट हार्टथ्रॉब असतो. आपल्या पोलीस ठाण्यातलं 'बीट'सुद्धा तिकडूनच आलेलं. शिपायानं पावलांनी तुडवायचा ठरलेला भाग. आणि पल्स हा शब्द आपल्या वाड्या-तांड्यांपर्यंत पोचला तो नाडी म्हणून नाही, तर पल्स पोलिओ म्हणून. १९९५ पासून ही मोहीम देशभर सुरू झाली. नाडीचा ठोका पडावा तसा एकाच दिवशी पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांना डोस, मग विश्रांती, मग पुन्हा ठोका. म्हणून पल्स. आमच्याकडे बरेच जण त्याला अजून 'प्लस पोलिओ' म्हणतात. नाव चुकलं तरी काम झालं, २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं.

मराठी शब्द अवयव सांगतो

मराठीची तऱ्हा वेगळी आहे. आपण ठोक्याच्या जोरापेक्षा ठोका कुठे पडतो ते आधी सांगतो. दात आणि कान ठणकतात. गळू आणि नखुरडं ठसठसतं. छाती धडधडते. डोळा लवतो. पोटरीची नस उडते. डोक्यात घण पडतात. "माझी छाती ठणकते" किंवा "माझी दाढ धडधडते" असं मराठी माणूस म्हणणार नाही. न शिकलेल्या आजीलाही ही वाटणी पाठ असते. त्यामुळे नुसतं क्रियापद ऐकलं तरी दुखणं शरीराच्या कुठल्या मजल्यावर आहे ते डॉक्टरला कळतं.

यातला 'ठण' माझ्या विशेष आवडीचा. भांड्यावर किंवा लोखंडावर घाव घातला की होणारा तो आवाज. त्यातून ठणका आला, ठणकावून सांगणं आलं, महिनाअखेरीस खिशात होणारा ठणठणाट आला. आणि त्याच ठणमधून आला 'ठणठणीत', म्हणजे अगदी निरोगी! एकाच आवाजातून दुखणंही निघालं आणि आरोग्यही. याचं उत्तर मला आठवडी बाजारात माठ घेताना मिळतं. आपण माठावर बोटानं टिचकी मारतो. पक्का भाजलेला, तडा नसलेला माठ ठणठणीत वाजतो. तडा असेल तर आवाज बद्द येतो.

डॉक्टर तुमच्या पाठीवर एक बोट ठेवून दुसऱ्या बोटानं ठोकतात ती याच जातीची परीक्षा आहे. ऑस्ट्रियातले डॉक्टर लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचे वडील खानावळ-सराई चालवायचे, आणि पिंपात दारू किती उरली हे पिंपावर ठोकून ओळखण्याची रीत मुलानं तिथेच पाहिली असं सांगतात. चांगल्या फुप्फुसावर पोकळ आवाज येतो. छातीत पाणी झालं असेल तर तिथे बद्द. लेनेक यांनी स्टेथोस्कोप शोधला तो १८१६ मध्ये, म्हणजे ठोकून पाहणं त्याच्याहून अर्धशतकानं जुनं. आज सोनोग्राफी आहे, तरी लाईट गेल्यावर माझी दोन बोटं चालू असतात.

ठसठस आणि न ठसठसणारा पाय

आता ठसठशीकडे येऊ. बोटाच्या पेरात किंवा नखाच्या कडेला पू झाला की तिथे जागा नसते. सूज येते, आतला दाब वाढतो, आणि रक्ताच्या प्रत्येक लोंढ्याबरोबर ताणलेल्या ऊती आणखी ताणल्या जातात. हात खाली सोडला की ठसठस वाढते, उशीवर उंच ठेवला की जरा कमी होते, हे तुम्ही अनुभवलं असेल. शल्यचिकित्सेत एक जुना नियम शिकवतात: ठसठशीनं रात्रभर झोप लागली नाही तर आत पू झाला आहे असं समजा आणि त्याला वाट करून द्या. नुसत्या गोळ्यांवर दिवस काढू नका.

पण मला ठसठसणाऱ्या पायापेक्षा न ठसठसणाऱ्या पायाची भीती जास्त वाटते. आमच्या भागात सोयाबीन आणि तूर निघाली की रानात धसकटं उभी असतात. चपलेतून धसकट घुसतं. ज्याची शुगर नीट आहे तो त्या रात्री ठसठशीनं तळमळतो आणि सकाळी दवाखान्यात येतो. ज्याला दहा-बारा वर्षांचा मधुमेह आहे आणि ज्याच्या पायाच्या नसा बधिर झाल्या आहेत, तो आठवड्यानं येतो. "दुखत नव्हतं म्हणून आलो नाही साहेब." तोवर मोज्याला वास सुटलेला असतो. दुखलं नाही म्हणून बरं आहे असं त्याला वाटलं. वास्तविक ठसठसायला हवं होतं. मधुमेह असेल तर रोज रात्री तळपाय आरशात बघा, किंवा नातवाला बघायला सांगा. हे मी पूर्वीही लिहिलं आहे, पुन्हा लिहितो.

ठणका नाडीच्या तालावर असतो का?

दाढ ठणकते तेव्हा प्रत्येक ठणका म्हणजे नाडीचा ठोका असं आपल्याला वाटतं. पुस्तकांतही वर्षानुवर्षं तसंच छापलेलं होतं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी ते तपासून पाहिलं. दातदुखीच्या रुग्णांना त्यांनी ठणका येईल तेव्हा बटण दाबायला सांगितलं आणि त्याच वेळी त्यांची नाडीही नोंदवली. नाडी मिनिटाला सरासरी ७३ होती आणि ठणके सुमारे ४४. दोघांचा ताल जुळतच नव्हता! म्हणजे ठणक्याची लय केवळ रक्तवाहिनीत ठरत नाही, तिच्यात मेंदूचाही वाटा असावा.

मला या अभ्यासातली सर्वात मोलाची गोष्ट ही वाटते की त्यांनी रुग्णाला ताल वाजवून दाखवायला लावलं. कारण धडधडीचं निदान करायची सर्वात स्वस्त तपासणीही तीच आहे.

टेबलावर वाजवून दाखवा

"छाती धडधड करते" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, "कशी धडधडते ते या टेबलावर बोटानं वाजवून दाखवा." आधी लोक हसतात. मग डोळे बारीक करून वाजवतात, आणि बहुतेक जण अचूक वाजवतात.

काहींचा ताल एकसारखा आणि जलद असतो. हळूहळू चढतो, हळूहळू उतरतो. ताप, थायरॉईड, फार चहा, भीती यांत असं होतं. आमच्याकडे बायकांमध्ये याचं मोठं कारण म्हणजे रक्त कमी असणं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन कमी असलं की तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. पाण्याची घागर डोक्यावर घेऊन चढ चढताना धडधडतं, ते बहुधा यामुळे.

काही जण ठक, ठक, ठक वाजवतात, मध्येच थांबतात आणि मग एक जोराचा ठोका देतात. आपण काळजाचा ठोका चुकला म्हणतो ना, ते हे. खरं तर ठोका चुकलेला नसतो. एक ठोका वेळेआधीच येऊन गेलेला असतो, त्याच्यानंतर विश्रांती लांबते, तेवढ्यात हृदयात जास्त रक्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात बसतो. निरोगी माणसातही असं अधूनमधून होतं, आणि बहुतेक वेळा ते निरुपद्रवी असतं.

एक साठीचे शेतकरी आले होते. त्यांनी वाजवायला सुरुवात केली आणि त्यांनाच ताल सापडेना. दोन जलद, एक उशिरा, तीन जलद. शेवटी हात उचलून म्हणाले, "विहिरीचं पाणी खाली गेल्यावर मोटार हवा धरती बघा, तसं व्हायलंय." भकभक, मध्येच पाणी, मध्येच हवा. यापेक्षा चांगलं वर्णन मी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. यात हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते आणि लकवा होतो. ईसीजीत तेच निघालं. रक्त पातळ ठेवण्याची गोळी वेळेवर सुरू झाली.

आपल्याकडची ही जुनीच रीत आहे. शार्ङ्गधरसंहितेत नाडीच्या चालीला सापाची, बेडकाची, हंसाची उपमा दिली आहे. उमरीच्या रुग्णाची उपमा मोटारीची, पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याची किंवा धडधडत जाणाऱ्या रेल्वेची असते. धर्माबाद-बिलोलीकडून येणारे तेलुगू बोलणारे रुग्ण 'गुंडे दड' म्हणतात; गुंडे म्हणजे हृदय. भाषा बदलली तरी दड आणि धड यांत फारसं अंतर नाही.

शरीराचं होतं, मनाचं समजलं गेलं

बाविशीतली एक मुलगी आठवते. पोलीस भरतीची तयारी करत होती. अधूनमधून छाती धडधडायची, हातपाय गळायचे. घरच्यांनी नजर काढली होती. दोन ठिकाणी दाखवलं होतं. "भरतीचं टेन्शन आहे, मनाचं आहे" असं सांगून झोपेच्या गोळ्या दिलेल्या होत्या. ईसीजी प्रत्येक वेळी नॉर्मल, कारण धडधड थांबल्यावरच तो काढला जायचा.

तिला टेबल दाखवलं. तिनं इतक्या वेगात वाजवलं की बोटाला बोट दिसेना, पण ताल घड्याळासारखा एकसारखा. सुरू कशी होते विचारलं. तिनं चुटकी वाजवली. "अशी सुरू व्हती." बंद कशी होते? पुन्हा चुटकी. "अन् अशी बंद व्हती." काळजी चुटकीसरशी येत नाही आणि चुटकीसरशी जातही नाही. बटण दाबल्यासारखी सुरू होऊन बटण दाबल्यासारखी थांबणारी धडधड बहुधा हृदयातल्या विजेच्या जादा वाटेमुळे होते. आम्ही तिला एसव्हीटी म्हणतो. यात ठोके मिनिटाला १५० ते २२० पर्यंत जातात. तरुण मुलींमध्ये हा आजार वर्षानुवर्षं घाबरटपणा म्हणून खपून जातो.

तिला सांगितलं, पुढच्या वेळी धडधड सुरू असतानाच ये, नंबर लावू नकोस. एका दुपारी भावानं मोटारसायकलवरून आणलं. ईसीजीत ठोके १९०. बसवून १० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये जोरात फुंकायला लावलं, लगेच आडवं करून पाय वर उचलले. एखाद-दुसऱ्या मिनिटात ठोके जागेवर आले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या अभ्यासात असे पाय उचलल्यानं ४३ टक्के रुग्णांची धडधड थांबली. नुसतं फुंकून १७ टक्क्यांची. हे घरी करून बघू नका, डॉक्टरसमोरच करा. तिला मोठ्या शहरात पाठवलं, तिथे ती जादा वाट जाळून बंद केली. आता धावल्यावर तिची छाती धडधडते. धावल्यावर ती धडधडायलाच हवी.

मनाचं होतं, शरीराचं समजलं गेलं

दुसरी बाजू याच्याही पेक्षा अवघड असते. पन्नाशीतली एक मजूर बाई आली. "साहेब, छातीत ठसठस करायलंय." मी थांबलो. छाती धडधडते, छातीत कळ येते, चमक निघते, जळजळतं. ठसठसत नाही. शब्द आपल्या जागेवर नव्हता.

इथे एक सांगतो. बायकांमध्ये हृदयविकाराचं दुखणं पुस्तकाप्रमाणे येतंच असं नाही, म्हणून शब्द वेगळा आहे एवढ्यावर कुणी "मनाचं आहे" म्हणू नये. आधी ईसीजी काढला, रक्तदाब पाहिला, हिमोग्लोबिन केलं. पिशवीत आधीच्या तपासण्यांची जाड फाईल होती. एक्स-रे, इको, पित्ताच्या गोळ्यांचे कागद. सगळं ठीक, हिमोग्लोबिन तेवढं कमी.

मग विचारलं, "मावशी, ठसठस कवापासून आहे?"

"पोरगा गेल्यापासून."

दोन वर्षं झाली होती. शेतीच्या कर्जापायी कसा गेला हे सगळ्या गावाला माहीत होतं, म्हणून तिला कुणी काही विचारत नव्हतं. जाण्याच्या आदल्या दिवशी पैशावरून मायलेकांचं भांडण झालं होतं. ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं, अर्धा तास. बाहेर रांग वाढत होती, वाढू दिली.

ठसठस म्हणजे काय हे वर लिहिलंच आहे. बंद जागेत साचलेलं, वाट नसलेलं. तिनं शब्द चुकीचा वापरला नव्हता, अगदी नेमका वापरला होता. फाईलमध्ये मात्र प्रत्येकानं तो इंग्रजीत 'चेस्ट पेन' असा लिहिला होता, आणि तिथे तो हरवला. लोहाच्या गोळ्यांबरोबर नैराश्याचं औषध सुरू केलं, नांदेडला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. तिची ठसठस गेली असं मी म्हणणार नाही. आईची ती जात नाही. पण ती आता रात्री झोपते, आणि मुलाचं नाव घेऊन बोलते.

मराठीत ठसठशीचा लाक्षणिक अर्थ पुवावरून आला आहे आणि इंग्रजीत थ्रॉबचा बराचसा हृदयावरून. म्हणून त्यांचं शहर थ्रॉब करतं तेव्हा ते जिवंत असतं. आपल्या मनात काही ठसठसतं तेव्हा ते न भरलेलं असतं. शब्दाचं भाषांतर करताना हे लक्षात ठेवलं नाही तर माणूस अर्धा राहतो.

आणखी एक. लाक्षणिक म्हणजे खोटं नव्हे. भीतीनं छातीत धस्स होतं तेव्हा ॲड्रिनलिन खरोखर रक्तात उतरतं, ठोके खरोखर वाढतात, हात खरोखर गार पडतात. "मनाचं आहे" याचा अर्थ "काही नाही" असा कधीच होत नाही.

तुमच्यासाठी चार गोष्टी

डॉक्टरकडे गेलात की तुमचाच शब्द सांगा. "पाल्पिटेशन होतंय", "अनइझी वाटतंय" असं सांगण्याची गरज नाही. धडधड, धकधक, फडफड, ठणका, चमक, जे वाटतं ते घरच्या भाषेत सांगा.

धडधड होत असेल तर ताल वाजवून दाखवा. कशी सुरू होते, कशी थांबते, किती वेळ राहते ते सांगा. जमलं तर मोबाईलच्या घड्याळावर एक मिनिट नाडी मोजून कागदावर लिहून आणा.

धडधडीबरोबर चक्कर येऊन पडणं, छातीत दाब किंवा दुखणं, दम लागणं, हातापायातली शक्ती जाणं, तोंड वाकडं होणं यातलं काही असेल तर वाट बघू नका, १०८ ला फोन करून मोठा दवाखाना गाठा. साठीच्या पुढच्या माणसाच्या पोटात बेंबीपाशी उडणारी गाठ हाताला लागली तर "बेंबी सरकली" म्हणून पोट चोळून घेऊ नका. पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगलेली असू शकते, आधी सोनोग्राफी करा. डोळा लवत असेल तर मात्र शकुन-अपशकुन बघू नका; बहुधा झोप कमी झालेली असते किंवा चहा जास्त.

आणि मनात काही ठसठसत असेल तर तेही सांगा. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आमच्यासारख्या डॉक्टरांनीही रांग थोडी वाढू द्यावी आणि "कवापासून?" एवढा एक प्रश्न जास्तीचा विचारावा.

ठणठणीत राहा.